वाळूच्या दगडावरचे खड्डे: माळावरचे वेगळे, जोत्यावरचे वेगळे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सौंदत्तीच्या बाजूला माळावर उघड्या, जवळपास सपाट खडकावर नखाएवढ्यापासून जेवणाच्या ताटाएवढ्यापर्यंत खड्डे आहेत. गावात कोणी म्हणते ते आदिमानवाने कोरले, कोणी म्हणते उल्का पडल्या, कोणी म्हणते इथे समुद्र होता तेव्हा किड्यांनी पोखरले. त्याच दगडात बांधलेल्या तुमच्या जुन्या घराच्या जोत्यालाही अलीकडे तसेच खड्डे पडू लागलेत आणि गवंडी म्हणतो, सिमेंटने भरून टाकू. दोन्हीचे कारण एकच आहे का, आणि सिमेंट भरावे का, हे तुम्हाला हवे आहे.

सिमेंटचे आधी सांगतो, कारण तिथे घाई होऊ शकते: भरू नका, निदान हे पूर्ण वाचेपर्यंत गवंड्याला थांबवा. दुसरे म्हणजे, दोन्हीचे कारण एक नाही. दगड तोच, खड्डे दिसायलाही सारखे, पण माळावर पाणी वरून येऊन साचते आणि जोत्यात पाणी जमिनीतून चढून दगडाच्या तोंडाने उडून जाते. माळावरचा खड्डा पाण्याचा आहे, जोत्यावरचा बहुतेक क्षाराचा.

कुठलाही खड्डा पाहताना मी दोन गोष्टी विचारतो. याच जागेचे दाणे का सुटले, शेजारचे का नाही? आणि सुटलेली वाळू गेली कुठे? या दोन्हींची उत्तरे मिळाली की कारण सहसा हाती लागते. एकाच प्रश्नाचे उत्तर मिळाले तर निष्कर्ष काढायची घाई करू नये.

मात्र त्याआधी दगड कोणता ते पक्के करा. आपल्या बेळगाव जिल्ह्यात ही गल्लत फार होते, कारण थोड्या अंतरावर दगड बदलतो. निपाणी-चिकोडीकडे आणि बेळगाव शहराच्या आसपास काळा दगड आहे, म्हणजे दख्खनचा बसाल्ट. त्यातली गोल, गुळगुळीत भोके लाव्हारसात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची आहेत, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीची, आणि कित्येकांत झिओलाइट नावाचे पांढरे खनिज किंवा गारगोटी भरलेली सापडते. जांबोटी-खानापूरकडचा जांभा तर सगळाच भोकाभोकांचा. या दोन दगडांतल्या भोकांना खाली सांगितलेले काहीही लागू नाही. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या पट्ट्यात मात्र कलादगी खोऱ्याचे थर आहेत: खाली जुना, दाबाने वाकलेला बागलकोट गट आणि त्याच्यावर जवळपास आडवा पडलेला बदामी गट. गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून 52 मीटर खाली कोसळते तो याच खोऱ्यातला तांबूस दगड.

वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट हा दुसरा गोंधळ. खाली पडलेली एखादी कपची उचला, तिची ताजी तूट उन्हात धरा आणि दहापट भिंगातून पाहा. तूट दाण्यांच्या कडेकडेने गेली असेल, हाताला खरखरीत लागत असेल आणि अंगठ्याने जोरात घासल्यावर एखाददुसरा दाणा निघत असेल, तर तो वालुकाश्म. तूट दाणे चिरून आरपार गेली असेल आणि पृष्ठ काचेसारखे चमकत असेल, तर तो क्वार्ट्झाइट. नवीलतीर्थाला मलप्रभेने जी कड कापली आहे तिथे असा कठीण दगड आहे. क्वार्ट्झाइटवर हवामानाने पडलेले खड्डे कमी आणि उथळ असतात. तिथे खोल, गोल खड्डा दिसला तर मी आधी नदीचा किंवा माणसाचा संशय घेतो.

आता खड्डा पडतो कसा ते पाहू. वालुकाश्म म्हणजे वाळूचे दाणे आणि त्यांना धरून ठेवणारा बंध. शेंगदाण्याच्या चिक्कीला दमट हवेत पाणी सुटले की दाणे साबूत राहतात, गूळ सैल होतो आणि दाणा नखाने निघतो. दगडातही तसेच होते. लोक समजतात पाण्याने दगड विरघळतो. गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, दाण्याच्या बाबतीत हे जवळजवळ खोटे आहे: 25 अंश तापमानाला एका लिटर पाण्यात स्फटिकी गार फक्त 10 मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते. पण दाण्यांमधला सिलिकाचा बंध जर अस्फटिकी असेल तर तोच आकडा 100 च्या पुढे जातो. म्हणजे बंध दहापट लवकर जाऊ शकतो आणि तोही दाण्याच्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून. दाणा शेवटपर्यंत तसाच्या तसा राहतो आणि एक दिवस नुसता मोकळा होतो.

बंध नेहमी सिलिकाचाच असतो असे नाही. आपल्याकडच्या दगडाचा तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडचा. हा लोहाचा बंध चिवट असतो, पण सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. काही थरांत चिकणमातीचा बंध असतो. तो ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि दर पावसाळ्यात हे अनेकदा होते. काही ठिकाणी गारेच्या दाण्यांत फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे दाणे मिसळलेले असतात. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते मुळातच किंचित आम्लधर्मी असते, सामू (पीएच) साधारण 5.6. अशा पाण्यात फेल्डस्पार हळूहळू केओलिन होतो, म्हणजे पांढरी, पिठूळ माती. भिंगातून खड्ड्याच्या तळाला असे पांढरे पिठूळ ठिपके दिसले तर दाणे का सुटले याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

पहिली खाच कुठे पडेल हे त्या जागेवर अवलंबून आहे. दोन भेगा जिथे एकमेकींना छेदतात तिथे, तिरप्या थरांच्या एखाद्या भुसभुशीत पट्टीवर, मातीचा गोळा किंवा लोहाची गाठ निघून गेली असेल तिथे, दगडफुलाने वरचे दाणे उचकटले असतील तिथे. खडकाच्या वरच्या काही मिलिमीटरला पुष्कळदा लोह आणि सिलिका जमून टणक कवच आलेले असते. ते कवच कुठे फुटले तर आतला मऊ दगड उघडा पडतो. म्हणून शेजारचा खडक घट्ट आणि मध्येच हा खड्डा, असे चित्र दिसते. खड्डे एका ओळीत असतील तर त्या ओळीच्या दोन्ही टोकांना भेग किंवा थराची रेघ शोधा. बहुतेक वेळा सापडते.

एकदा खाच पडली की पुढचे काम पाणीच करते. सपाट खडकावरून पाऊस वाहून जातो, खडक तासाभरात कोरडा होतो. एक सेंटिमीटर खोल खाचेत पाणी काही तास टिकते. पाच सेंटिमीटर खोल खळग्यात, आभाळ असेल तर कित्येक दिवस. जितके जास्त वेळ पाणी, तितका बंध जास्त सैल, तितकी खोली वाढते, तितके पाणी आणखी टिकते. असा हा खड्डा स्वतःलाच मोठा करत जातो.

जुलैत अशा एखाद्या खळग्याशी बसून पाहा. तळाला हिरवट-काळा बुळबुळीत थर दिसेल, त्याखाली अर्धा-एक सेंटिमीटर मोकळी वाळू. तो थर शेवाळ आणि सायनोबॅक्टेरियाचा. ऊन पडले की हे जीव पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि भर दुपारी उथळ पाण्याचा सामू 9 च्या वर जाऊ शकतो. सिलिका नेमकी 9 च्या पुढे झपाट्याने जास्त विरघळू लागते. रात्री हेच जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि सामू पुन्हा खाली येतो. म्हणजे पावसाचे आम्लधर्मी पाणी फेल्डस्पारवर काम करते आणि दुपारचे अल्कधर्मी पाणी सिलिकाच्या बंधावर. साचलेले पाणी वाहत्या पाण्यापेक्षा इतके प्रभावी का, याचे माझ्या मते हे सर्वात महत्त्वाचे कारण आहे आणि लोक नेमके तेच विसरतात. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतात. सकाळी सातला आणि दुपारी दोनला त्याच खळग्यात बुडवून पाहा.

मोठ्या खळग्याचा तळ सपाट आणि कडा उभ्या किंवा आत वळलेल्या का असतात, हेही यातूनच कळते. तळावर वाळू साचली की ती तळाला थोडे झाकते. खाली कठीण थर लागला तर खोली तिथेच थांबते. पण पाण्याची रेषा जिथे कडेला टेकते तिथला दगड सारखा ओला-कोरडा होत राहतो, म्हणून खळगा खोलीपेक्षा रुंदीला जास्त वाढतो. ताटाएवढा खड्डा आणि खोली जेमतेम चार बोटे, हे हवामानाच्या खड्ड्याचे अगदी नेहमीचे प्रमाण. शेवटी एखाद्या बाजूने कड झिजून सांडवा तयार होतो, पाणी निघून जाऊ लागते आणि तो खड्डा जवळपास म्हातारा होतो. दोन शेजारचे खड्डे एकमेकांना मिळून आठच्या आकड्यासारखा आकार होतो तोही याच टप्प्यावर.

वाळू कुठे गेली हे राहिले. ती निघाली नाही तर खड्डा स्वतःच्याच भुग्याने भरून थांबतो. आपल्याकडे ती दोन वेळा निघते. जोराच्या सरीत खळगा भरून उतू जातो तेव्हा बारीक वाळू पाण्याबरोबर जाते, आणि मार्च ते मे कोरड्या माळावर वारा सुटतो तेव्हा राहिलेली उडते. पाऊस जास्त म्हणजे खड्डे जास्त, असा सरळ हिशेब म्हणूनच लागत नाही. बेळगावच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोकाक-सौंदत्तीकडे खड्डे ठळक दिसतात त्याचे पहिले कारण दगड, आणि दुसरे हे की तिथे ओले आणि कोरडे दोन्ही ऋतू स्पष्ट आहेत: एक बंध सोडवतो, दुसरा साफ करतो. माती आणि झाडोरा खडक झाकत नाही हेही आलेच.

इंटरनेटवर शोधलेत तर फटीतले पाणी गोठून दगड फुटतो असे कारण पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. ते थंड देशांचे आहे. आपल्याकडे हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या जवळपासही जात नाही, ते कारण इथे बाद. उष्णतेचे मात्र काही प्रमाणात खरे आहे. मे महिन्यात दुपारी उघडा खडक हात ठेवता येणार नाही इतका तापतो आणि त्यावर वळवाचा पाऊस पडला की एकदम थंड होतो. त्याने दाण्यांमधल्या फटी रुंदावतात, वरचे पापुद्रे सुटतात. पण ऊन सगळ्या खडकावर सारखेच पडते. मग खड्डा इथेच का, याचे उत्तर ऊन देत नाही. ते मदतनीस आहे, मुख्य कारण नाही.

किती वर्षे लागतात, असेही विचाराल. दगडाचे वय आणि खड्ड्याचे वय यांची गल्लत करू नका, एवढे आधी सांगतो. थर प्रोटेरोझोइक, म्हणजे 54 कोटी वर्षांपेक्षा जुने आहेत. त्यावरचा खड्डा मात्र हा पृष्ठभाग उघडा पडल्यानंतरचा, म्हणजे त्या मानाने कालचा. वेगाचा अंदाज घ्यायला बदामी जवळच आहे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात इ.स. 578 चा शिलालेख आहे. पावसापासून आत असलेले त्याच दगडातले कोरीवकाम जवळपास साडेचौदाशे वर्षांनंतरही ठळक दिसते. दगड कोरडा राहिला तर टिकतो. ज्या पृष्ठभागावर पाणी थांबते त्याचे काही खरे नाही.

आता गावातल्या तीन मतांकडे येऊ.

उल्का आधी बाजूला काढा. बोटाएवढे, ताटाएवढे शेकडो खड्डे एकाच माळावर, कडेला न फुटता, सपाट तळाचे, असे उल्केने होत नाही. समुद्री किड्यांचेही तसेच. हे थर साचले तेव्हा दगड पोखरणारे, बीळ करणारे प्राणी पृथ्वीवर नव्हतेच. पावसाच्या थेंबांचे ठसे, असे चौथे मतही कधी कधी ऐकू येते. तसे ठसे थरांत टिकू शकतात, पण त्यांना ओली बारीक माती लागते, ते काही मिलिमीटरचेच असतात, कडेला किंचित उंचवटा असतो आणि ते थराच्या पृष्ठावरच सापडतात. जाड्या वाळूत ते टिकत नाहीत. तुमच्या खडकावर लाटांच्या रेघा दिसत असतील, त्यावर मातीचा पातळ थर असेल, तरच त्याचा विचार करा.

माणसाने कोरलेले खड्डे हे मात्र गंभीरपणे पाहण्यासारखे मत आहे. मध्य प्रदेशात भीमबेटकाला कठीण क्वार्ट्झाइटवर माणसाने ठोकून केलेले वाटीसारखे खळगे आहेत, त्यामुळे असे असूच शकत नाही असे कोणी म्हणू नये. ओळखायचे कसे? दगडाने ठोकून केलेला खळगा सहसा काही सेंटिमीटर व्यासाचा, वाटीसारख्या गोल तळाचा, आणि एका गटात सगळे जवळपास एकाच मापाचे. ते उभ्या भिंतीवर आणि पाणी मुळीच थांबणार नाही अशा उतारावरही असू शकतात. हवामानाचे खड्डे लहानमोठे मिसळून असतात, तळ सपाट, आणि नेमके पाणी थांबेल तिथेच. भिंगातून पाहिले तर ठोकलेल्या खळग्यात दाणे चिरडलेले, पांढरे फुटलेले दिसतात. हवामानाच्या खड्ड्यात दाणे अखंड आणि उठून दिसतात. पण ठोकलेला खळगाही उघड्यावर हजारो वर्षे राहिला तर त्याचे चिरडलेले दाणे झडून जातात आणि ही खूण पुसते. अशा वेळी माप आणि जागा यांवरच अवलंबून राहावे लागते. ओळीत, सारख्या अंतरावर चौकोनी खाचा असतील तर ती दगड फोडायला मारलेल्या पाचरांची जागा, तिथे टाकीचे घावही सापडतील. दोन समांतर ओळींत सारख्या वाट्या असतील तर तो खेळाचा पट. देवळाजवळ गोल, खोल, गुळगुळीत भोक असेल तर मांडवाचा खांब किंवा कुटायची जागा.

नदीपात्रात किंवा पात्राच्या जुन्या काठावर असाल तर रांजणखळगे वेगळे ओळखा. उन्हाळ्यात गोकाकला घटप्रभेचे पात्र उघडे पडते तेव्हा जसे दिसतात तसे. भोवऱ्यात गोटे फिरून ते घासले जातात, म्हणून भिंती गुळगुळीत, कधी मळसूत्रासारख्या रेघांच्या, आणि खोली रुंदीइतकी किंवा जास्त. तळाला गोल गोटे असतात. वर धरणे आहेत, पाणी केव्हा सोडतील सांगता येत नाही, त्यामुळे पात्रात उतरण्याआधी चौकशी करा.

आणखी दोन प्रकार सहज चुकतात. आपल्या खोऱ्यातल्या काही थरांत गारगोटी आणि लाल जास्परचे गोटे असतात. गोटा निखळला की त्याच्याच मापाचा गुळगुळीत गोल खळगा उरतो. आजूबाजूला अजून रुतलेले गोटे शोधा. दुसरा प्रकार मातीच्या चपट्या गोळ्यांचा. ते धुऊन गेले की लांबट खड्डे राहतात, सगळ्यांची लांबी थराला समांतर. आणि दोन-तीन मिलिमीटरचे, टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील तर ते बहुधा दगडफुलाचे. ते खरवडून पाहू नका, खरवडताना दाणेही निघतात.

तुमचा माळ सपाट आहे, खड्ड्यांची मापे मिसळलेली आहेत, त्यामुळे मी पाण्याचे खड्डे हेच पहिले गृहीत धरेन. पण काही खात्री तुम्हीच करून घेऊ शकता. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, तिरप्या उन्हात, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. भर दुपारच्या फोटोत कडा दिसतच नाहीत. खड्ड्यावर आडवी सरळ पट्टी ठेवून तिच्या खालच्या कडेपासून तळापर्यंतची खोली मोजा, वाळू बाजूला करून. रुंदीला खोलीने भागा: हा आकडा तीन-चारच्या वर असेल आणि तळ सपाट असेल तर पाणी, एकच्या जवळ आणि तळ गोल असेल तर माणूस किंवा नदी. हा ढोबळ नियम आहे, अगदी तरुण खड्ड्यांना लागू पडत नाही. एखाद्या चांगल्या सरीनंतर कोणत्या खड्ड्यात किती दिवस पाणी टिकते ते वहीत लिहा. ज्यांत जास्त टिकते तेच मोठे निघाले तर संशयाला जागा उरत नाही.

आता जोते. इथे गोष्ट वेगळी आहे आणि जास्त निकडीची.

जमिनीतली ओल दगडाच्या बारीक छिद्रांतून वर चढते, साधारण एक-दीड मीटरपर्यंत, आणि दगडाच्या तोंडाने हवेत उडते. पाणी उडते, त्यातले क्षार उडत नाहीत. ते पृष्ठावर साचले तर पांढरा लोणा दिसतो. तो कुरूप दिसतो पण त्यामानाने निरुपद्रवी आहे. खरे नुकसान पृष्ठाच्या दोन-पाच मिलिमीटर आत स्फटिक झाले की होते. सोडियम सल्फेट यात सर्वात वाईट. 32.4 अंशांच्या वर ते कोरडे राहते. तापमान खाली आले आणि ओल मिळाली की दहा रेणू पाणी धरून त्याचे आकारमान चौपटीच्या आसपास जाते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भिंत दिवसा या रेषेच्या वर आणि रात्री खाली असते. हे रोज घडते आणि दर वेळी दाणे थोडे ढकलले जातात. माळावर पाणी बंध सैल करते, इथे क्षार तो आतून तोडतो. म्हणून जोत्यावरचे खड्डे उभ्या पृष्ठावर, छप्पर असलेल्या, पाऊस न लागणाऱ्या जागीही पडतात, त्यांच्यामध्ये जाळीसारखे पातळ पडदे उरतात आणि हात फिरवला की कोरडी वाळू झडते. माळावर ती ओल्या तळाशी सापडते, इथे भिंतीच्या पायाशी कोरडी पट्टी होऊन पडते.

"अलीकडेच का?" याचे उत्तर बहुधा जुन्या दुरुस्तीत आहे. दगडांच्या दरजांत, म्हणजे सांध्यांत, मूळ चुना असतो. चुना दगडापेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र, म्हणून ओल त्याच्यातून बाहेर पडते, क्षार तिथे साचतात, चुना झडतो आणि वीस-तीस वर्षांनी परत भरायचा. दगड वाचतो. दरजा सिमेंटने भरल्या की ओलीला वाट फक्त दगडातून राहते. सिमेंट स्वतःही अल्कली आणि सल्फेट देते. थोड्या वर्षांनी सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा वर उभ्या आणि मधला दगड खोल खाल्लेला, हे चित्र बेळगाव-शहापूरच्या जुन्या गल्ल्यांतही पाहायला मिळेल. अंगणात कोबा केला असेल तर तेही कारण असते: जी ओल अंगणातून उडायची ती आता भिंतीकडे वळते. तुमच्याकडे यांतले काय झाले आहे ते आधी तपासा. पन्हळीचे पाणी, मोरी, न्हाणीघराची गटार, गोठा. गोठ्याच्या आणि संडासाच्या बाजूला नायट्रेट असतात, ते हवेतलीच ओल ओढून घेतात आणि भिंत कधीच पुरती वाळत नाही.

म्हणूनच खड्ड्यात सिमेंट भरले तर काय होईल ते कळेल: भरलेला गोळा घट्ट राहील, त्याच्या भोवतीने ओल येईल, एक-दोन पावसाळ्यांत तो मागच्या दगडासकट निघेल आणि खड्डा आधीपेक्षा मोठा झालेला असेल. सिलिकॉन, इपॉक्सी किंवा चकचकीत वॉटरप्रूफ रंगही लावू नका. क्षार त्या थरामागे साचतात आणि पुढचा सबंध पापुद्राच सुटतो. आम्लाने किंवा प्रेशरच्या पाण्याने धुणेही बाद.

करायचे ते असे, आणि ऋतू दिवाळीनंतर ते मार्च. आधी पाण्याचा उगम बंद करा, नाहीतर पुढचे सगळे वाया. भिंतीलगत दोन-अडीच फूट रुंदीचा कोबा काढून तिथे खडी घाला, उतार बाहेर द्या. दरजांतले सिमेंट टाकी-सुतकीने हळूहळू, साधारण 25 मिलिमीटर खोल काढा. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो, तो गवंड्याच्या हाती देऊ नका. मग झडलेली वाळू मऊ कुंचल्याने कोरडीच झाडा. क्षार काढायला कागदाचा लगदा शुद्ध पाण्यात, म्हणजे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, भिजवून दीड-दोन सेंटिमीटर जाड थापा आणि पूर्ण वाळेपर्यंत राहू द्या. लगदा वाळताना क्षार स्वतःत ओढतो. तो काढून पाण्यात घोळवा आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने आकडा घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या थरात आकडा उतरत गेला पाहिजे. उतरत नसेल तर ओल अजून येते आहे, उगम शोधा. दगड हाताने घासल्यावर वाळूच होत असेल तर लगदा थापू नका, काढताना दाणे येतील. अशा जागी आधी मध्ये पातळ जपानी कागद लावतात आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

दरजा भरायला चुना एक भाग आणि धुतलेली, दगडाच्याच दाण्याची वाळू अडीच ते तीन भाग. ओल जास्त असेल तर त्यात थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. दरजा आधी ओल्या करा, भरलेले काम आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. चुना फार लवकर वाळला की पिठूळ राहतो आणि मग गवंडी म्हणतो, बघा, चुना टिकत नाही. एक-दोन सेंटिमीटर खोल खड्डे भरायची गरजच नसते, तसेच राहू द्या. चार सेंटिमीटरच्या पुढे गेलेले, किंवा वरच्या दगडाचा आधार खाणारे असतील तर तेवढाच दगड बदला, त्याच खोऱ्यातला, थर आडवे राहतील असा बसवून. थर उभे लावले तर दगड पापुद्र्यांनी सुटतो, ही चूक नव्या बांधकामात सर्रास होते. शेवटी जोत्यावर चुन्याचा पातळ हात दर दोन-तीन वर्षांनी. क्षार त्यात येऊन झडतील, दगडाऐवजी.

हे सगळे तुमच्या खासगी घरासाठी. गावातले जुने देऊळ किंवा शिलालेख असलेला दगड यांना यांतले काहीही स्वतः करू नका. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्याखाली किंवा राज्याच्या यादीत ती वास्तू संरक्षित असेल तर हात लावायलाही परवानगी लागते, आणि नसली तरी शिलालेखाच्या अक्षरांवर एकदा लगदा चुकला की ती अक्षरे परत येत नाहीत.

माळावरच्या खड्ड्यांचे फोटो काढताना ते उठून दिसावेत म्हणून खडूने, तेलाने किंवा रंगाने गिरवू नका, पाणी ओतून धुऊही नका. तळाची वाळू आणि कडेचे दाणे हाच तिथला पुरावा आहे. ठोकलेल्या खळग्यांचा संशय आला तर मापे, दिशा आणि मोबाइलवरचे ठिकाण लिहून फोटोंसह धारवाडच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे पाठवा. इथे टाकणार असाल तर तीन फोटो पुरेत: खडकाचा उतार कळेल असा दुरून एक, पट्टी ठेवून वरून एक, आणि तळाचा भिंगातून एक. जोत्याचा फोटो काढताना दरजांसकट काढा, सिमेंट आहे की चुना ते त्यावरूनच सांगता येईल.